घाटवाटेवरच्या खांबांचं प्रकरण

माझ्या दूरदेशी नातवंडांनो,

मागच्या आठवड्यात धाकटीनं मला एक फोटो पाठवला. तुमच्या गावाबाहेरच्या टेकडीवर जाणारी पायवाट, तिच्या तोंडाशी एक लाकडी पाटी आणि पाटीवर तीन नावं: नगरपालिकेचं, एका बँकेचं आणि तिथल्या फिरायला जाणाऱ्यांच्या मंडळाचं. तिघं मिळून ती वाट सांभाळतात म्हणे. खाली प्रश्न होता, "आजी, तुमच्याकडे अशा वाटा असतात का? त्या कोण सांभाळतं?" मी फोनवर "असतात" एवढंच म्हणाले, कारण पुढचं उत्तर फोनवर मावणारं नव्हतं. तुमच्या आईनं तुम्हाला मराठी वाचायला शिकवलं आहे, त्याचा उपयोग होऊ दे. शिवाय माझ्या चष्म्याचा नंबर सारखा बदलतो आहे. लिहायचं ते आता लिहिलेलं बरं.

तुम्ही लहान होता तेव्हा माझ्याकडे चोर पकडल्याच्या गोष्टी मागायचात आणि मी टाळायची. पकडल्यावर बहुतेक चोर केविलवाणे दिसतात, त्यांची गोष्ट मुलांना काय सांगायची? ही सांगण्यासारखी आहे. क्रमाने सांगते. नाव मात्र कुणाचंच लिहिणार नाही, ना माणसाचं, ना गावाचं, ना कंपनीचं. ती खात्यातली सवय आहे आणि चांगली सवय आहे.

त्या प्रकरणाची फाइल ठाण्याच्या कपाटात केव्हाच धूळ खात पडली असेल. माझ्यापुढे ती अजूनही काल उघडल्यासारखी उघडी आहे.

निवृत्तीला दोनेक वर्षं उरली होती. घाटाखालच्या एका ठाण्याची मी प्रभारी होते. आपल्याकडे प्रभारी अधिकाऱ्याला ठाणेदार म्हणतात, आणि लोक मला 'ठाणेदार मॅडम' म्हणायचे. बुलढाणा शहर वर पठारावर आहे आणि मोताळ्याकडची गावं घाटाखाली. गाडीरस्ता वळणं घेत लांबून जातो, पण जुन्या काळी खालची माणसं कोर्टाला, कचेरीला आणि दवाखान्याला सरळ पायवाटांनी वर चढायची. अशीच एक वाट आमच्या हद्दीतल्या एका गावाच्या मागून सीताफळीच्या झाडोऱ्यातून वर जायची. मोटारी आल्या आणि ती मोडून गेली.

मग कुणाला तरी सुचलं की ही वाट फिरायला येणाऱ्यांसाठी नीट करावी. जमीन वनखात्याची, म्हणून परवानगी त्यांची. पैसा एका कंपनीचा, तिच्या समाजकार्याच्या निधीतून. आणि रोजची देखभाल गावातल्या महिला बचत गटाची. तिघांचा करार झाला. दगडी पायऱ्या बसल्या, मधे पाण्याची टाकी आली, कचऱ्याचे डबे आले आणि दोन्ही कडांना बाण दाखवणारे लोखंडी खांब लागले. रविवारी बुलढाण्याहून माणसं खाली उतरून यायची. गावातल्या बायका त्यांना भाकरी, पिठलं आणि ठेचा करून घालायच्या. गटात सगळ्या आळ्यांमधल्या बायका होत्या आणि त्यांची अध्यक्ष होती बौद्ध वस्तीतली पन्नाशीची एक शेतमजूर बाई. सगळं गाव तिला 'काकू' म्हणायचं, तिच्याहून मोठी माणसंसुद्धा.

हे सगळं एक वर्ष सुरळीत चाललं. दुसऱ्या उन्हाळ्यात, एका बुधवारी सकाळी, कंपनीचे समन्वयक ठाण्यात आले. तिशीतले पुण्याचे गृहस्थ होते. पाठीवर लॅपटॉपची पिशवी, डोक्यावर नवी कोरी टोपी. सोबत वनरक्षक होते.

"मॅडम, सरळ सरळ चोरी आहे," ते म्हणाले. "वाटेवरचे चोवीस खांब गेले. दोनच उभे आहेत. आणि सोमवारी आमचे वरिष्ठ पाहणीला येतायत."

"बरं. मग?"

"मग करारात कलम आहे. करारातल्याच कुणी मालमत्ता लांबवली असेल तर करार रद्द. पुढचा निधी बंद. वनखातं वाटेला कुलूप घालणार."

"म्हणजे संशय गावावर आहे."

"त्या खालच्या वस्तीतल्या लोकांचं काम असणार."

"कशावरून?"

त्यांनी वनरक्षकांकडे पाहिलं. वनरक्षकांनी पंख्याकडे पाहिलं. मी फिर्यादीत 'अज्ञात इसमाविरुद्ध' असं लिहून घेतलं आणि गुन्हा नोंदवला. चोरी हा दखलपात्र गुन्हा; फिर्याद आली की तो नोंदवावाच लागतो. कराराची एक प्रत त्यांनी दिली, ती मी त्याच दुपारी दोनदा वाचून फाइलला लावली.

इथे माझी एक उणीव सांगून ठेवते, कारण पुढे ती कामाला येते. माझे वडील रेल्वेत होते आणि माझं शिक्षण नागपूरला इंग्रजी शाळेत झालं. घरात मराठी बोलायचो, पण लिहायची-वाचायची मराठी मी शिकले ती खात्यात आल्यावर, परिपत्रकं आणि जबाब वाचून. व्याकरण पक्कं केलं. माझ्या मराठीत चूक सापडत नाही असा मला थोडा ताठाही होता.

गुरुवारी सकाळी पंचनाम्याला गेले. सोबत माझा रायटर. ठाण्यात लिहिण्याचं काम करणाऱ्या हवालदाराला रायटर म्हणतात. हा मूळचा साखरखेर्ड्याकडचा, अक्षर सुंदर, जीभ तिखट. दोन पंच घेऊन आम्ही वाट चढलो.

तिथं जे पाहिलं ते चोरीत पाहायला मिळत नाही. खांब उपटल्यावर खड्डे राहायला हवेत, ते बुजवलेले होते. नुसते बुजवलेले नाहीत, माती भरून, चोपून, वर दगड बसवून. गाडी आल्याच्या खुणा नव्हत्या, ओढत नेल्याच्या नव्हत्या. आणि पाण्याच्या टाकीवरचं सौरपॅनेल जागच्या जागी होतं. सौरपॅनेल सोडून लोखंडी खांब नेणारा चोर मी उभ्या नोकरीत पाहिला नव्हता.

"मॅडम," रायटर म्हणाला, "हा चोर लई शिस्तीचा दिसतोय. आमच्या गल्लीत नळवाला खोदून जातो, तोसुद्धा असं बुजवत नाही."

आणखी एक गोष्ट माझ्या लक्षात आली. डबे, टाकी, पायऱ्या, बसायचे दगडी कट्टे असं वाटेच्या आतलं काहीही हललं नव्हतं. गेलं होतं ते फक्त दोन्ही कडांवरचं. मी तसं पंचनाम्यात लिहवून घेतलं, 'दोन्ही बाजूंस ताजी माती व दगड' असंही लिहवून घेतलं, आणि त्याचा अर्थ न लावता खाली उतरले. लिहून ठेवणं आणि समजणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पोलीस पहिली करतात आणि दुसरी झाली असं समजतात.

दुपारी गावातली माणसं ठाण्यात बोलावली. मी 'माणसं' म्हणते तेव्हा पुरुष समजा. चोरीच्या तपासात गावाला बोलावलं की पुरुष येतात, आणि मी स्वतः बाई असून मला त्यात काही चुकतंय असं वाटलं नाही. पाच-सहा जणांनी "मले काई मालूम नाई" एवढंच सांगितलं. शेवटी ज्यांचं शेत वाटेला लागून होतं ते म्हातारे गृहस्थ आले. खुर्चीवर बसायला तयार नव्हते, बसवलं.

"काका, खांब कुणी चोरले?"

"चोरी झालीच नाई मॅडम."

"मग खांब कुठं आहेत?"

"हायेत न."

"कुठं आहेत?"

"मी काऊन सांगू? बायायले इचारा. सही त्याईची हाये."

"बायकांच्या मागे लपता काय?" रायटरनं दटावलं.

म्हातारा शांतपणे म्हणाला, "लपाले जागा कुठी हाये साहेब? घरात तिचं राज, इथी मॅडमचं. मी आपला आंगठा द्याले आलो. द्या कागद."

बाहेर बसलेले हसले. मीही हसू दाबलं. नवरे बायकोवर ढकलतात हे मी इतक्या वेळा पाहिलं होतं की त्यांचं उत्तर मी त्याच पेटीत टाकलं. जबाबाखाली शेरा गेला, 'तपासास उपयुक्त माहिती नाही'. खरं तर त्यांनी दोन वाक्यांत मला सगळं प्रकरण सांगून टाकलं होतं.

शुक्रवारी सकाळी खबर आली. लोखंड चोरीला गेलं की आधी भंगारवाल्यांकडे निरोप जातो. आमच्या भागात मोटारसायकलवर फेरी करणारा एक भंगारवाला होता, इमानदार आणि बोलका. तो धामणगाव बढ्याच्या बाजूनं फेरी संपवून थेट ठाण्यात आला.

"सलाम मॅडम. तुमचे खांब पाहून आलो."

"कुणाकडे?"

"कोनाकडं नाई. गावातल्या विहाराच्या मांगच्या खोलीत हायेत. खाली पोते आंथरून निजवले हायेत. आपल्या घरी पावना आला तं त्यालेबी कोनी इतकं नीट निजवत नाई."

"तू विकत मागितलेस?"

"मांगतले न! धंदा हाये आपला. तं एक बाई अशी भडकली, मले म्हने, हे तुले भंगार दिसते काय बे? लोकायची अमानत हाये!" तो पुढे वाकला. "मॅडम, मी तीस साल लोहा घेऊन राह्यलो. चोर मालाले अमानत म्हनते, असं कवाच ऐकलं नाई."

मीही ऐकलं नव्हतं.

महिला शिपाई आणि रायटरला घेऊन मी निघाले. जीपमध्ये मला समाधान वाटत नव्हतं. माल सापडला होता, आता माणसंही सापडणार होती, आणि मग कायद्यानं मला त्यांची नावं गुन्ह्यात घ्यावी लागणार होती. त्या नावांबरोबर करार जाणार, वाट बंद होणार, हे समन्वयकांनी मला आधीच स्वच्छ सांगितलं होतं.

विहाराच्या दाराशी आम्ही बूट काढले. मागच्या खोलीत खांब होते. भंगारवाल्यानं सांगितलं तसेच, पोत्यांवर, एका रांगेत. प्रत्येकावर खडूनं आकडा घातलेला. नटबोल्ट एका फडक्यात बांधून त्याला गाठ मारलेली. मुद्देमाल इतक्या व्यवस्थित आमच्या मालखान्यातही ठेवलेला नसायचा.

काकू शेतातून आली. कमरेला विळा होता, तो तिनं उंबऱ्याबाहेर ठेवला.

"जयभीम मॅडम. पानी घ्या आधी."

"पाणी नंतर. हे खांब तुम्ही काढले?"

"हाव. आमी बायायनं काढले."

"कुणाला विचारून?"

"कोनाले इचारायचं? धुरा आमचा हाये."

"धुरा? कुणाच्या शेताचा?"

"शेताचा नाई मॅडम, वाटंचा."

तुम्हाला हा शब्द समजावून सांगायला हवा. दोन शेतांच्या मधे मातीचा जो उंच बांध असतो, त्याला आपल्या वऱ्हाडात धुरा म्हणतात. ठाण्यात येणारी निम्मी भांडणं धुऱ्याची. कुणी धुरा कोरला, कुणी धुऱ्यावरची बाभळ तोडली. धुरा ज्याचा, त्यावरचं गवत आणि झाड त्याचं, आणि तो फुटला तर बांधायचंही त्यानंच. दुसऱ्यानं तिथं काही रोवलं तर ते अतिक्रमण. उन्हाळ्यात शेतं मोकळी असतात तेव्हा जो तो आपापला धुरा नीट करून घेतो.

"वाटेचा धुरा तुम्हाला दिला कुणी?" मी विचारलं.

"तुमच्याच कागदानं."

तिनं कपाटातून कराराची प्रत आणली. प्लॅस्टिकच्या पिशवीत, पिशवी पुन्हा कापडात. खाली बसून, एका एका शब्दावर बोट ठेवत तिनं मोठ्यानं वाचलं: "करार कालावधीत... या मार्गाची... संपूर्ण धुरा... महिला बचत गटाकडे राहील." मग बोट तिथंच ठेवून माझ्याकडे पाहिलं. "आता सांगा. आमच्या धुऱ्यात खांब रोवाचा त्याईले काय हक?"

हेच वाक्य मी बुधवारी दोनदा वाचलं होतं. कागदी मराठीत 'धुरा सांभाळणे' म्हणजे कारभार सांभाळणे. परिपत्रकांत, भाषणांत हा शब्द इतका येतो की डोळा त्यावर थांबत नाही. आणि ठाण्यात रोज येणारा धुरा मी कधी कागदावर पाहिलाच नव्हता. फिर्यादी तोंडानं 'धुरा' म्हणायचा आणि रायटर सुंदर अक्षरात 'शेताचा बांध' लिहायचा.

माझ्यातली व्याकरणाची शिक्षिका मात्र गप्प बसेना. मी म्हणाले, "अहो काकू, पण इथं 'मार्गाची धुरा' लिहिलंय. बांध असता तर 'मार्गाचा' धुरा झालं असतं."

"ते आमीबी पाह्यलं," ती म्हणाली. "मी म्हनलं, शहरातल्या बाईनं टाइप केलं असंल. त्याईले कुठी चा आन् ची समजते?"

मागे उभ्या बायका पदर तोंडाला लावून हसल्या. एक म्हणाली, "आन् संपूर्ण लिवलं हाये मॅडम. संपूर्ण म्हंजे दोन्हीकडचा!"

मी तिथंच जमिनीवर बसले. आता पाणी घेतलं.

मग एकेक गोष्ट बाहेर आली. खांब रोवताना ठेकेदारानं कडा खोदल्या होत्या. पहिल्याच पावसाळ्यात त्या खड्ड्यांतून पाणी आत शिरलं आणि वाटेचा मुरूम वाहून गेला. बायकांनी ते पाहून ठेवलं. उन्हाळा लागल्यावर त्यांनी समन्वयकांना चिठ्ठी पाठवली, उत्तर आलं नाही. मग जसा शेताचा बांधतात तसा वाटेचा धुरा बांधायला घेतला. खांब काढले, पुसले, आकडे घालून ठेवले. दोन खांबांचं काम उरलं होतं, तेवढ्यात पोलीस आले म्हणून ते थांबलं.

"मग पहिल्याच दिवशी सांगितलं का नाही?"

"आमाले इचारलं कोनं? तुमी गडीमानसायले बलावलं. त्याईले आमीच सांगतलं होतं, तुमी बोलू नका, सही आमची हाये, इचारतीन तं आमी सांगू."



काकूनं कराराची प्रत पुन्हा पिशवीत घालून कापडात गुंडाळली. मग म्हणाली, "मॅडम, मले आत टाकाचं असंल तं टाका. आठ-पंधरा रोज राहीन मी. पन वाट बंद करू नका. आमच्या गटातल्या आठ घरायत बायायचा सोताचा रविवार हाये, तो त्या वाटंनं येते. पह्यले रविवार म्हंजे दुसऱ्याच्या शेतातला सातवा दिवस होता."

चोरीला लबाडीचा हेतू लागतो. ज्यानं आपलंच समजून, उघड्यावर, दिवसाढवळ्या, आधी चिठ्ठी देऊन वस्तू काढली आणि जपून ठेवली, तो चोर होत नाही. हे मला तिथंच कळलं. पण ते माझं कळणं पुरेसं नव्हतं. फिर्यादीला पटल्याशिवाय सोमवार टळणार नव्हता.

शनिवारी सकाळी मी समन्वयकांना ठाण्यात बोलावलं. खांब सापडल्याचं ऐकून त्यांचा चेहरा खुलला.

"ग्रेट, मॅडम! आरोपींची नावं घेतली?"

"त्याआधी एक सांगा. तुम्हाला बचत गटाची एखादी चिठ्ठी आली होती?"

त्यांनी आठवून फोन काढला. चिठ्ठीचा फोटो होता. 'धुरा आमचा असून तुम्ही त्यात खांब घातले. आठ दिवसांत काढावे, नाहीतर आम्ही काढू.'

"हे वाचून तुम्ही काय केलंत?"

"मला वाटलं गटात पुढारीपणावरून भांडण आहे. आपण त्यांच्या नेतृत्वात खोडा घालतोय असं त्यांचं म्हणणं असावं. मी ते हेड ऑफिसला पाठवलं, 'नेतृत्वाचा वाद' म्हणून."

"आणि हेड ऑफिसनं?"

"त्यांनी नेतृत्व विकासाचं शिबिर मंजूर केलं."

माझा रायटर लिहिता लिहिता थांबला आणि पाणी प्यायला म्हणून बाहेर गेला. बाहेरून त्याचं हसू ऐकू येत होतं. नंतर मला म्हणाला, "मॅडम, तो करार तुम्ही मला वाचायला दिला असता तर मी बुधवारीच सांगितलं असतं." खरं होतं. मी तो स्वतःजवळ ठेवला होता.

समन्वयकांना मी शब्दाचा अर्थ सांगितला. त्यांना तो पटला, पण पुरता नाही. "ठीक आहे, गैरसमज झाला. पण मार्गाची रचना आमच्या तज्ज्ञांनी केलेली होती. यांनी ती बिघडवलीच ना? सोमवारी मी काय दाखवू?"

"चला, पाहू," मी म्हणाले.

वाटेच्या पायथ्याशी काकू आणि चौघी बायका उभ्या होत्या. पाण्यानं भरलेल्या दोन घागरी खाली ठेवलेल्या. काकूनं एक समन्वयकांपुढे सरकवली.

"घ्या साहेब. वर न्याची हाये."

"मी?"

"तुमचीच वाट हाये न? धुरा आमचा, वाट तुमची."

त्यांनी घागर उचलली. खांद्यावर घ्यावी की कमरेवर, हे त्यांना उमगेना. शेवटी ती तान्ह्या बाळासारखी पोटाशी धरून ते चढले आणि वर पोचेपर्यंत निम्मे भिजले. जे दोन खांब अजून उभे होते तिथं काकूनं थांबवलं आणि चढाच्या बाजूनं पाणी ओतायला सांगितलं. पाणी कडेनं आलं, खांबाच्या बुडाशी भोवऱ्यासारखं फिरलं, आत मुरलं, आणि हातभर खाली थेट वाटेत फुटलं. त्याच्याबरोबर मुरूम बाहेर आला.

मग आम्ही बांधून झालेल्या जागी गेलो. दुसरी घागर काकूनं स्वतः ओतली. पाणी धुऱ्याला टेकून चाललं, पाणी बाहेर जायला बायकांनी दगडांमध्ये ठेवलेल्या तोंडाशी पोचलं आणि उताराला निघून गेलं. वाट कोरडी राहिली.

समन्वयक उकिडवे बसून बराच वेळ ते तोंड पाहत होते. बोटानं त्यांनी मातीचा चढ चाचपला.

"हे तुम्हाला कुणी शिकवलं?" त्यांनी विचारलं. आवाज पूर्वीचा नव्हता.

"कोन शिकवते? धुरा फुटला का शेत वाहून जाते. शेत गेल्यावर शिकाले कोन राह्यते?"

खाली उतरताना ते माझ्याबरोबर चालत होते. म्हणाले, "मॅडम, बुधवारी मी त्या वस्तीबद्दल बोललो ते... लिहून घेतलं नव्हतंत ना?"

"नाही," मी म्हणाले. "पण ऐकलं होतं."

सोमवारी वरिष्ठ आले. तिघं होते, त्यात एक वयस्क बाई, फार कमी बोलणाऱ्या. समन्वयकांनी सगळं स्वतःच्या तोंडानं सांगितलं, शिबिराचंसुद्धा, हे मी त्यांच्या बाजूनं नोंदवते. बाईंनी ऐकून घेतलं आणि स्वतः जागा दाखवून म्हणाल्या, "इथं ओता." काकूनं ओतलं. बाईंनी आणखी दोन जागा दाखवल्या. पाणी तिन्ही ठिकाणी बाहेरच गेलं. मग त्या कट्ट्यावर बसल्या आणि म्हणाल्या, "जेवण मिळेल का? आज रविवार नाही, माहीत आहे." त्या वाक्यासरशी काकूच्या खांद्यांवरचं ओझं उतरलेलं मी पाहिलं.

करार टिकला. खांब पुन्हा उभे राहिले, पण बायकांनी दाखवलेल्या ठिकाणी, खडक होता तिथं. फक्त ते एक वाक्य बदलायचं ठरलं. विहारातच बसून समन्वयकांनी सुचवलं, "'धुरा' काढू आणि 'जबाबदारी' लिहू. म्हणजे गोंधळ नको."

काकूनं मान हलवली. "जबाबदारी नको."

"का?"

"जबाबदारी सगळ्यायची असते साहेब. म्हंजे कोनाचीच नसते. धुरा एकाचा असते. फुटला तं लोक त्याच्याच दारात येते."

वरिष्ठ बाई म्हणाल्या, "धुरा राहू द्या." मग मीच खाली एक ओळ सुचवली, 'धुरा म्हणजे मार्गाच्या दोन्ही कडांचा बांध, व त्याची निगा', आणि 'मार्गाची'चं 'मार्गाचा' केलं. ती ओळ रायटरनं तपासली. माझं मराठी मी त्याला तपासू दिलं ते त्या एकाच दिवशी.

गुन्हा नोंदवलेला होता, तो निकाली काढणं बाकी होतं. समन्वयकांनी पुरवणी जबाब दिला आणि मी न्यायालयात 'क' समरीचा अहवाल पाठवला. गैरसमजातून गुन्हा दाखल झाला असेल, म्हणजे फिर्याद खोटी नाही आणि चोरही नाही, तर असा अहवाल जातो. तो मंजूर झाला. नोकरीत मी पुष्कळ आरोपपत्रं पाठवली, काहींचा अभिमानही आहे. पण लिहिताना मन इतकं स्वस्थ क्वचितच राहिलं असेल.

या प्रकरणानं मला काय शिकवलं, असं तुम्ही विचाराल. मोठं काही नाही. त्यानंतर उरलेल्या नोकरीत माझ्यापुढे कुठलाही करार किंवा कबुलीजबाब आला की मी तो सही करणाऱ्याला मोठ्यानं वाचायला लावत असे, आणि वाचता येत नसेल तर वाचून दाखवून, "तुम्हाला काय समजलं ते तुमच्या शब्दांत सांगा" असं म्हणत असे. वेळ लागायचा. रायटर कुरकुरायचा. पण माणसं एकाच कागदावर दोन वेगळे करार करून उठतात, हे मी डोळ्यांनी पाहिलं होतं. आणि दुसरं, ज्याची सही आहे त्यालाच आधी विचारायचं. ती सही बाईची असली की आपण तिच्या नवऱ्याला बोलावतो. मी बोलावलं होतं. हे मी तुमच्यापासून लपवत नाही.

एकत्र येऊन वाट सांभाळायची म्हणजे पैसे देणारा, परवानगी देणारा आणि राबणारा, या तिघांना एकमेकांची भाषा यावी लागते. ती आधीपासून येत नसते. भांडून, हसून येते.

ती कंपनी आता या कामात नाही. तिच्या जागी दुसरी आली आणि बुलढाण्याच्या सकाळी फिरायला जाणाऱ्या मंडळानं चौथी सही केली. काकूनं अध्यक्षपद सोडलं, गटातल्या दुसऱ्या एका बाईकडे दिलं. समन्वयकांनी नोकरी बदलली. माझा रायटर निवृत्त होऊन गावी शेती करतो. गेल्या महिन्यात मी काठी घेऊन त्या वाटेनं निम्म्यापर्यंत जाऊन आले, गुडघ्यांनी त्याच्यावर जाऊ दिलं नाही.

खांब थोडे गंजले आहेत. पायऱ्यांतल्या दोन हलतात. धुरा दोन्ही बाजूंनी शाबूत आहे, आणि वाट चालू आहे.

तुमची आजी